बकुळ, बेसमेंटचा रॅम्प आणि माल्मोचं पावसाचं पाणी

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून, प्रोजेक्टर बिल्डरचा आणि वडापावही बिल्डरचेच. त्यात एक स्लाइड आली 'इको-फ्रेंडली लिव्हिंग' नावाची. हिरवीगार लॉन, कडेने पामची झाडं, मध्ये एक गोरी बाई डोळे मिटून योगा करतेय. मी विचारलं, आत्ता जिथे बकुळ आहे तिथे या चित्रात काय येतं? तो पोरगा बिचारा लॅपटॉपवर मागेपुढे करत बसला आणि मग म्हणाला, "मॅडम, तिथे रॅम्प आहे. बेसमेंटचा."

खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं पण इको-फ्रेंडली रॅम्प असेल तो." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सेक्रेटरी काकांनी डोळे वटारले.

आधीच सांगून टाकते, मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात नाहीये. आमची बिल्डिंग १९८२ ची, पुण्यातल्या सहकारनगरातली, दोन इमारती, तीन मजले, चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही. आई गुडघ्यांमुळे महिन्यातून दोनदा खाली उतरते, तेही डॉक्टरकडे जायचं असेल तरच. बाल्कनीच्या खालून सळया दिसतात, पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर दरवर्षी नवा नकाशा उमटतो, वॉटरप्रूफिंगवर आत्तापर्यंत जेवढे पैसे घातलेत त्यात एक छोटी गाडी आली असती. तेव्हा मी हात वर केलाय, हो म्हणूनच केलाय. पण मे-जूनमध्ये मी तीन आठवडे माल्मोला जाऊन आले आणि तिथे जे बघितलं ते डोक्यातून जाईना, आणि त्या स्लाइडनंतर तर अजिबातच जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

माल्मो म्हणजे स्वीडनचं दक्षिणेचं टोक. माझी मावसबहीण तिथे राहते. भावजी नोकरीला कोपनहेगनला, रोज ट्रेनने पूल ओलांडून दुसऱ्या देशात जातात आणि संध्याकाळी परत, पाऊणएक तासात. मी हे ऐकून थक्क झाले तर ताई म्हणाली, तू स्वारगेटवरून हिंजवडीला जायला किती वेळ लावतेस ते सांग आधी. असो.

पहिले दोन दिवस तिने मला 'दाखवायचं' माल्मो दाखवलं. ती पिळलेल्या टॉवेलसारखी दिसणारी टर्निंग टॉर्सो नावाची उंच बिल्डिंग, आणि तिच्या पायाशी वेस्ट्रा हामनेन, म्हणजे जुन्या गोदीच्या जागेवर २००१ च्या सुमारास नव्याने वसवलेली इको वस्ती. सुंदर आहे, प्रश्नच नाही. समुद्र, लाकडी फळ्यांचे कट्टे, प्रत्येक घर वेगळं. पण मला तिथे फिरताना बाणेरच्या सँपल फ्लॅटमध्ये आल्यासारखं वाटत होतं. कोरी जागा मिळाली आणि पैसा मिळाला तर चांगलं कोण करणार नाही? मी तसं म्हणाले तर ताई म्हणाली, बरं मग उद्या तुला जुनी कॉलनी दाखवते, अगदी तुमच्या सहकारनगरसारखी.

ती कॉलनी म्हणजे ऑगुस्टेनबोर्ग.

दिसायला खरंच साधी. तीनचार मजली चौकोनी इमारती, मध्ये अंगणं, एक शाळा, एक छोटा चौक. १९४८ ते १९५२ च्या दरम्यान माल्मोच्या नगरपालिकेच्या घरबांधणी कंपनीने, एमकेबीने, बांधलेली, साधारण १८०० फ्लॅट, सगळे भाड्याने दिलेले. आपल्याकडे म्हाडाची कॉलनी म्हणतो ना, त्यातला प्रकार. बांधली तेव्हा लोकांना भारी वाटायची, मग सत्तरच्या दशकानंतर माल्मोतले कारखाने आणि गोदी बसत गेली, ज्यांना परवडलं ते मोठ्या घरांकडे गेले, फ्लॅट रिकामे पडायला लागले, उरले ते बेकार नाहीतर नुकतेच परदेशातून आलेले. त्यात घरं गरम राहावीत म्हणून मध्ये कधीतरी भिंतींवर बाहेरून पत्रे ठोकले गेले आणि त्यामागे ओल धरली. हे ऐकताना मला आमच्या बिल्डिंगवरचा तो निळा पत्रा आठवला, गच्चीवरची गळती थांबावी म्हणून टाकलेला, ज्याने गळती थांबली नाही, फक्त कुठून गळतंय ते कळायचं बंद झालं.

आणि सगळ्यात मोठा वैताग पाण्याचा. तिथे पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जायचं. जोराचा पाऊस आला की पाइप भरायचा आणि मग पाणी उलटं यायचं, तळघरातल्या जाळीतून वर. नुसतं पावसाचं नाही, सगळंच. त्यांच्या इमारतींना खाली तळघर असतं, सामान ठेवायला, कपडे धुवायला, तर ते सगळं त्या घाणीत. दरवर्षी काही होत नव्हतं पण व्हायचं तेव्हा असं व्हायचं की लोक घर सोडायची भाषा करायचे.

आता अशी कॉलनी आपल्याकडे असती तर काय झालं असतं ते मी सांगायला नको. तिथेही पाडायचं म्हटलं असतं तर पाडता आली असती, जागा शहरात, मोक्याची. पण १९९८ पासून महापालिकेने आणि एमकेबीने मिळून वेगळंच काढलं. इमारती तशाच ठेवल्या, डागडुजी केली, ते पत्रे काढले, आणि पाण्याला पाइपातून बाहेर काढलं. म्हणजे गच्चीचं, रस्त्याचं, पार्किंगचं पावसाचं पाणी गटारात सोडायचंच नाही, जमिनीवरून, उघड्यावरून, डोळ्यांदेखत न्यायचं. इमारतीच्या कोपऱ्यातून पन्हळ खाली येते आणि तिचं पाणी एका उथळ सिमेंटच्या नालीत पडतं, ती नाली अंगणातून वळत वळत जाते, मध्येच गवताच्या खळग्यात शिरते, तिथून तळ्यात, तळ्यातून पुढच्या नालीत. अशा एकूण सहा किलोमीटरच्या नाल्या आणि दहा तळी. नालीच्या तळाला छोटे छोटे उंचवटे केलेत त्यामुळे थोडं पाणी असलं तरी ते खळखळ करतं. ताईच्या मते हे पोरांसाठी, माझ्या मते हे म्हाताऱ्यांसाठी, कारण आम्ही गेलो तेव्हा तिथे एक आजोबा बाकावर बसून नुसतं ते पाणी बघत होते आणि कमीत कमी अर्धा तास हलले नाहीत.

नशीब म्हणजे त्या दिवशी पाऊस आला. तिकडचा पाऊस म्हणजे आपल्या भाषेत झिमझिम, पण तासभर टिकला. आणि मी अक्षरशः छत्री घेऊन त्या नालीच्या कडेकडेने चालत गेले, एका इमारतीपासून तळ्यापर्यंत, आपलं पाणी कुठे जातं ते बघत. शाळेच्या अंगणात एक गोल पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा आहे, एरवी पोरं त्यात बसून गप्पा मारतात, नाटकं करतात, आणि मोठा पाऊस आला की त्यात पाणी साठतं. मला इतकं बरं वाटलं ते बघून. म्हणजे एक जागा, कोरडी असताना पोरांची, ओली असताना पावसाची. आपल्या सगळ्या जुन्या वाड्यांच्या चौकाचं हेच तर होतं की.

मग छतांवर गेलो. घरांच्या अंगणातल्या छोट्या बांधकामांवर, शेडवर, अशी तीसेक छतं हिरवी केलीत, पण खरी बघण्यासारखी बाग शेजारच्या महापालिकेच्या वर्कशॉपांच्या छतावर आहे, साडेनऊ हजार चौरस मीटर, २००१ साली सुरू झाली. बहुतेक ठिकाणी मातीचा थर जेमतेम चारदोन इंचांचा कारण जुन्या छताला जास्त वजन पेलत नाही, आणि त्यात सेडम नावाची जाड पानांची बुटकी झाडं, आपल्याकडच्या ऑफिस टाइमच्या चुलत बहिणी शोभतील अशी. एवढासा थर पण वर्षभरात पडणाऱ्या पावसातलं जवळजवळ निम्मं पाणी तिथेच जिरतं नि उडून जातं, खाली येतच नाही. जे खाली येतं तेही सावकाश येतं, आणि पुराच्या हिशोबात सावकाश येणं हेच महत्त्वाचं, कारण पाइप तुंबतो तो सगळं पाणी एकाच वेळी आल्यावर.

हे सगळं गोड गोड वाटत असेल तर थांबा, लोकांनी सुरुवातीला चिक्कार भांडणं केलीत. लहान मुलं तळ्यात पडतील, आमची बाग का खणताय, पाण्यावर शेवाळ येतंय, वास येतोय. ताईची एक ओळखीची बाई तिथे अगदी सुरुवातीपासून राहते, तिने आम्हाला कॉफी पाजली आणि ती म्हणाली पहिली दोन वर्षं आम्ही मीटिंगला फक्त ओरडायला जायचो. शाळेतल्या मुलांनी अंगणाचे प्लॅन काढले, रहिवाशांनी कुठली नाली कुठून जावी यावर महिनोन्महिने वाद घातले, काही गोष्टी फसल्याही. त्या भागातून बॅटरीवर चालणारी छोटी रस्त्यावरची आगगाडी सुरू केली होती, ती पुढे बंद पडली. तरी तिथून घर सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ २० टक्क्यांनी घटलं असं सांगतात, आणि २०१० मध्ये या सगळ्याला वर्ल्ड हॅबिटॅट अवॉर्डही मिळालं. कॉफीवाल्या बाईला अवॉर्डचं काही पडलेलं नव्हतं. तिला एकच सांगायचं होतं, २०१४ चा ऑगस्ट.

३१ ऑगस्ट २०१४ ला माल्मोवर ढग फुटला. सहाएक तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पुणेकराला शंभर मिलिमीटर ऐकून मोठं काही वाटणार नाही, पण तिथे वर्षभरात मिळून सहाशेच्या आसपास पडतो, म्हणजे दोन महिन्यांचा पाऊस एका सकाळी. शहरभर तळघरं भरली, रस्ते बुडाले. ऑगुस्टेनबोर्गची ही उघडी व्यवस्था एवढ्या पावसासाठी बांधलेलीच नव्हती, पंधराएक वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून तिचा हिशोब केला होता. तरी नंतर लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी नुकसानीच्या नोंदी तपासल्या तेव्हा आजूबाजूच्या जुन्या एक-पाइपवाल्या भागांच्या मानाने इथे घरात पाणी शिरल्याच्या तक्रारी साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्याच निघाल्या. ती बाई म्हणाली, "मी खिडकीत बसून बघत होते, तळं भरलं, मग गवत भरलं, मग वाट भरली, आणि मग ते थांबलं."

मी तिला आमची रात्र सांगितली. २५ सप्टेंबर २०१९.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या भागातून आंबिल ओढा जातो. कात्रजच्या डोंगरातून येतो, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वतीच्या पायथ्याने जाऊन मुठेला मिळतो. मूळचा तो पेठांमधून वाहायचा, पेशवाईत त्याला वळवला, त्याच्यावर बांध घालून पर्वतीचं तळं केलं, ज्याच्या मधोमध तो तळ्यातला गणपती आणि आता जिथे सारसबाग आहे. म्हणजे हा ओढा पुण्याने अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी एकदा हलवलाय, पण तेव्हा हलवताना त्याला तळं दिलं होतं. आपण गेल्या चाळीसपन्नास वर्षांत काय दिलं? दोन्ही बाजूंनी भिंती. ओढ्यात भराव, ओढ्यावर स्लॅब, ओढ्याकडे पाठ करून इमारती, आणि नाव काय तर नाला. मी लहानपणी शाळेत जाताना त्या बाजूने जायचे तेव्हा आई म्हणायची नाल्याकडून जाऊ नकोस. ओढा म्हणाली नाही कधी.

त्या रात्री कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस पडला आणि ओढ्याने आपली जुनी जागा मागितली. आमच्या सोसायटीत पाणी पायऱ्यांपर्यंत आलं, आत नाही शिरलं, पण खालच्या रस्त्यावरून गाड्या तरंगत गेल्या, मी माझ्या डोळ्यांनी एक पांढरी कार उलटी होऊन जाताना बघितलीये आणि तिचे इंडिकेटर चालू होते. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. पुणे परिसरात त्या रात्री वीसच्या वर माणसं गेली. सकाळी आमच्या गेटला चिखलात एक म्हैस मरून पडली होती, कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि आता त्याच प्लॉटवर, त्या ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या नव्या बिल्डिंगला दोन मजली बेसमेंट येणार आहे.

हे मी मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर मिळालं की पंप बसवतो ना मॅडम. पंप कशावर चालतो? लाइटवर. पूर आल्यावर पहिलं काय जातं? असो, सेक्रेटरी काकांनी पुढचा मुद्दा घेतला.

थोडं टेक्निकल बोलते, कारण बेसमेंट म्हणजे नुसतं पार्किंग असं आपल्याला वाटतं. आमचा प्लॉट आत्ता निम्मा उघडा आहे. फरशी आहे पण खाली माती आहे, कडेला बकुळ, दोन आंबे, एक फणस, काकूंची कर्दळ. पाऊस पडला की थोडं वाहून जातं, बरंच मुरतं. नव्या प्लॅनमध्ये बेसमेंट जवळजवळ कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जातं, त्याच्यावर पोडियम, म्हणजे बेसमेंटचं सपाट छत, त्या पोडियमवर दीड-दोन फूट माती आणि तिच्यावर ती लॉन, ती योगावाली. म्हणजे वरून बघितलं तर आत्तापेक्षा जास्त हिरवं दिसेल, आणि खाली माती नावाची गोष्टच शिल्लक नसेल. दीडदोन फुटांत पाम जगेल, बकुळ नाही. आणि पोडियमवर पडलेलं पाणी मुरणार कुठे, बेसमेंटच्या डोक्यात? ते पाइपाने बाहेर रस्त्यावरच्या ड्रेनमध्ये, आणि ती ड्रेन ओढ्यात. असे आमच्या एकट्या गल्लीत सध्या सात प्लॉट रिडेव्हलपमेंटला आहेत. सातांचं पाणी आत्तापर्यंत हळूहळू मुरत-झिरपत जायचं ते आता दहा मिनिटांत ओढ्यात जाणार.

तुम्ही म्हणाल रेनवॉटर हार्वेस्टिंग कम्पल्सरी आहे की. आहे. शेजारच्या नव्या सोसायटीतही आहे, त्याच्या झाकणावर एक अॅक्टिव्हा लावलेली असते, गेली तीन वर्षं. त्यावर प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूटसुद्धा मिळते, कंपोस्ट आणि सोलरसारखीच, एखादी सोय असेल तर पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा. खड्डा भोगवटापत्रापुरता खणतात, मग तो जमिनीखाली आणि जे जमिनीखाली ते कुणाच्या मनात राहत नाही. फिल्टर शेवटचा कधी साफ केला विचारा कुठल्याही चेअरमनला. माल्मोमध्ये मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर हेच, नालीत पानं अडकली की ती दिसतात, आणि येणाराजाणारा पायाने बाजूला करतो. मी तिथे एका सूटवाल्या माणसाला बुटाने पानं काढताना बघितलंय.

बरं, तिथलं जसंच्या तसं इथे चालेल असं मी म्हणत नाहीये. सेडमची छतं आपल्या एप्रिल-मेमध्ये पापडासारखी वाळतील. तिथे पाऊस बाराही महिने थोडा थोडा, आपल्याकडे सगळा चार महिन्यांत आणि मग आठ महिने ठणठणाट. आणि डासांचं काय, हा प्रश्न मला काकूंनी विचारला आणि तो बरोबर आहे, आमच्या गल्लीत दरवर्षी डेंगीचे पेशंट असतात आणि डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो. पण अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. पाणी दोन दिवसांत जिरलं तर काही होत नाही. म्हणजे आपल्याला कायमची तळी नकोत, जिरणारे खळगे हवेत, पाऊस असताना ओले आणि एरवी कोरडे. आपल्या आज्या झाडाभोवती आळं करायच्या त्याचंच मोठं रूप. उलट डास व्हायला झाकलेली ड्रेन आणि बेसमेंटमधला तो पंपाचा खड्डा जास्त सोयीचा.

आणि पाणी उताराने न्यायचं तर पुण्याला काय नवीन आहे? कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत नानासाहेब पेशव्यांनी नळ आणला तो काय मोटारीवर चालत होता? मधले उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सुटायला बांधलेले मनोरे, आणि पेठांतले हौद अजून दिसतात, काळा हौद, नाना हौद, काही बुजले, काहींवर दुकानं आली. माझी आजी सदाशिव पेठेतल्या वाड्यात होती, तिथे चौकात विहीर होती, पानशेतचा पूर आला तेव्हा आठवडाभर सगळ्या आळीने त्या विहिरीचं पाणी वापरलं. तो वाडा १९९४ मध्ये पाडला, विहीर बुजवली, वर पार्किंग आलं. पंधरा वर्षांनी त्याच सोसायटीने त्याच पार्किंगमध्ये बोअर मारलं आणि तिला पाणी लागलं नाही.

मी परत आल्यावर साधा गुणाकार केला. आमच्या दोन गच्च्या मिळून साधारण चारशे चौरस मीटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. वीस टक्के वाया गेलं धरलं तरी सव्वादोन लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर बावीस टँकर. आम्ही मागच्या उन्हाळ्यात एकोणीस मागवले, बिलं मीच चेक केलीत, ट्रेझरर आहे मी. म्हणजे जेवढं पाणी आम्ही पावसाळ्यात ओढ्यात ढकलतो तेवढंच पाणी उन्हाळ्यात ट्रकमधून विकत घेतो. कागदावर बघून मला आधी हसू आलं आणि मग नाही आलं.

पण खरी गोम पैशातच आहे आणि ती मला ताईच्या घरी भावजींनी दाखवली. ऑगुस्टेनबोर्गला साधारण वीस कोटी स्वीडिश क्रोनर लागले, त्यातले निम्मे त्या घरबांधणी कंपनीने घातले, बाकीचे नगरपालिका, सरकार, युरोपियन युनियन असे. आणि घरं एकाच मालकाची, म्हणून एकदा ठरलं की ठरलं. आमच्याकडे चोवीस मालक, चोवीस मतं, आणि कुणाच्याही खिशातून एक रुपया जाणार नाही हीच मुळात रिडेव्हलपमेंटची जाहिरात. फुकट नवं घर, वर जास्त कार्पेट, वर कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून ठोक रक्कम, वर बांधकाम होईपर्यंतचं भाडं. मग पैसे कुठून येतात? तीन मजल्यांचे बारा होतात, वरचे फ्लॅट विकले जातात. बारा मजल्यांच्या माणसांना गाड्या लागतात, गाड्यांना बेसमेंट लागतं, बेसमेंटला माती काढावी लागते. म्हणजे आम्ही पैसे देतोय, फक्त चेकने नाही, मातीने देतोय. हे मला तिथे बसून कळलं याची थोडी लाजही वाटली, कारण बॅलन्स शीट बघणं हेच माझं काम.

मग मी काय केलं. ओरडून काही होत नाही हे माहितीये, आणि 'पर्यावरणवाली मॅडम' असं एकदा नाव पडलं की माणूस मीटिंगमधून बाद. म्हणून मी एका मोठ्या पावसाच्या दिवशी खाली उतरले, गच्चीच्या चारपैकी एका पाइपाखाली वीस लिटरची बादली लावली आणि मोबाइलवर टायमर लावला. छत्तीस सेकंद. मग वॉचमन काकांना बोलावलं, त्यांनी लावली, सदतीस. मग तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले, ते रिटायर्ड इरिगेशनवाले, त्यांनी सांगितलं बादली तिरकी आहे, सरळ धरा, आणि मग त्यांनी स्वतः पाच वेळा मोजलं आणि वहीत लिहिलं. तासाभरात अर्धी सोसायटी पाइपाखाली उभी होती, भजी आली, पोरं भिजली. त्या एका दिवसात जेवढं काम झालं तेवढं माझ्या चार ईमेलनी झालं नव्हतं.

आजोबांनी मग बिल्डरच्या आर्किटेक्टला आणि आमच्या पीएमसीला (पुण्यात पीएमसी म्हणजे महापालिका की प्रोजेक्टवाला कन्सल्टंट हा घोळ रोज होतो, इथे कन्सल्टंट) सुवाच्य अक्षरात दोन पानी पत्र लिहिलं. मागण्या फार नाहीत. पूर्वेच्या बाजूला, जिथे बकुळ आणि दोन्ही आंबे आहेत, तिथे साडेचार मीटरच्या पट्ट्यात बेसमेंट नको, खालपर्यंत खरी माती राहू दे. गच्चीचं पाणी आधी टाकीत, टाकी भरली की उघड्या नालीतून त्या पट्ट्यात, झाकलेल्या पाइपातून नाही. आणि हे डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये नकाशासकट लिहा, ब्रोशरमध्ये नको.

मला वाटलं होतं नाहीच म्हणतील. गेल्या गुरुवारी आर्किटेक्टकडून सुधारलेला प्लॅन आला, आणि चक्क रॅम्प पश्चिमेला सरकवलाय, पट्टा साडेचारचा साडेतीन झालाय पण बकुळ आणि एक आंबा वाचतोय, दुसरा आंबा आणि फणस जातात. नाली पण दाखवलीये, निळ्या रेघेने, तिला त्याने 'वॉटर फीचर' असं नाव दिलंय, देऊ दे. फक्त खाली एक टीप आहे की यामुळे बेसमेंटमधली दोन पार्किंग कमी होतात, तेव्हा दुसरं पार्किंग मागणाऱ्या सभासदांच्या यादीतली शेवटची दोन नावं वगळावी लागतील.

मी यादी काढून बघितली. शेवटून दुसरं नाव आमचं आहे. नवरा परवापासून सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभा राहतो आणि बकुळीकडे बघत बसतो, काही बोलत नाही. रविवारी मतदान आहे.